लेडीज जिम लावतेय, सगळे ग्रूप क्लासेस आहेत : पैसे भरण्याआधी काय बघायचं?

शेवंती४४ :
घराजवळ (पुणे, सिंहगड रोड) फक्त बायकांसाठी नवी जिम सुरू झालीय. मशिन्स नावापुरती, दोन ट्रेडमिल आणि एक केबल. एका भिंतीला डंबेल्स. बाकी सगळा हॉल आणि ग्रूप क्लासेस. वेळापत्रक असं :
सोम-बुध-शुक्र : सकाळी ६ झुंबा, ७ स्टेप (फळीवर चढ-उतार), १० झुंबा, संध्याकाळी ६ स्पिनिंग (जागेवरची सायकल)
मंगळ-गुरू : सकाळी ६ बारबेल (दांड्याला वजनाच्या चकत्या लावून), ७ एचआयआयटी (थोडा वेळ जोरात, मग थोडी विश्रांती, असं आलटून-पालटून), १० योग, संध्याकाळी ६ झुंबा
शनिवार : सकाळी ७ 'सरप्राइज क्लास'
फी महिन्याला २५००, तिमाही ६०००, वर्षाची १५,०००, वर जीएसटी. रविवारपर्यंत वर्षाचे भरले तर दोन महिने फुकट म्हणतात. वय ४४, वजन ६८, चालण्यापलीकडे व्यायाम नाही. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. सकाळी ७ किंवा १० ची बॅच जमेल, क्वचित ६. वर्षाचे भरू का? कोणते क्लास करू? बूट कोणते?

आठ_काउंट :
फीचं नंतर, आधी वेळापत्रक नीट बघा. ७ ला स्टेप आणि एचआयआयटी, १० ला झुंबा आणि योग. म्हणजे तुम्हाला जमणाऱ्या वेळेत वजन उचलायचा एकही क्लास नाही. तो आहे फक्त सहाला. चाळिशीनंतरच्या बाईने नेमकं जे करायला हवं तेच तुमच्या वाट्याला येत नाहीये. काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा : बारबेल ७ किंवा १० ला कधी ठेवणार? 'लवकरच' हे उत्तर धरू नका.

दुसरं, ट्रायल क्लास घ्याच, पण ज्या वेळेला जाणार त्याच वेळेचा आणि त्याच बाईंचा. रविवारच्या डेमोला हेड ट्रेनर असते, मंगळवारी सातला कोणी वेगळीच. पहिल्या दिवशी नुसतं बसून बघितलं तर जास्त कळतं. हे बघा :
- इन्स्ट्रक्टर स्वतः नाचतेय की बायकांकडे बघतेय? चांगली इन्स्ट्रक्टर मध्येच थांबून खाली येते, नाव घेऊन सुधारते.
- उडीची हालचाल आली की तिचा बिनउडीचा पर्याय कुणी न विचारता दाखवते का?
- वॉर्म-अप किमान ५ ते ८ मिनिटं आहे का? की पहिल्याच गाण्याला उड्या?
- शेवटची ५ मिनिटं गती उतरवण्यात जातात का? बरेच ठिकाणी पुढची बॅच दारात उभी असते म्हणून हेच कापतात.
- हात पसरून एक पाऊल कुठेही टाकता यावं इतकी जागा हवी. माणशी साधारण २ मीटर बाय २ मीटर. हॉलची लांबी-रुंदी पावलांनी मोजा आणि बॅचमध्ये किती जणी घेतात ते विचारा.
- जमीन. काँक्रीटवर थेट टाइल असेल तर उड्यांचे क्लास तिथे नकोत. खाली लवचीक थर असलेला लाकडी फ्लोअर उत्तम. जाड व्हिनाइल किंवा रबर चालेल. एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन स्टेपच्या क्लासला धोक्याचे, कडा वर येतात आणि पाय अडकतो.

स्टेपचं संगीत मिनिटाला ११८ ते १२८ ठोक्यांच्या आसपास असावं. १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. १३५ च्या वर गेलं की नवख्या बाईचा पाय फळीवर पूर्ण पडत नाही, टाच बाहेर लोंबकळते आणि दुखणं पोटरीत नाहीतर गुडघ्यात येतं.

गोदाकाठ :
+१. मी फिजिओ आहे, म्हणून गुडघा आणि बीपीबद्दल लिहिते.

प्रवेशाच्या वेळी तब्येतीची प्रश्नावली भरून घेतात का बघा. पार-क्यू नावाची साधी सात प्रश्नांची असते : हृदयविकार किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, हाडं-सांधे, गोळ्या वगैरे. ती न घेता थेट वजनकाट्यावर उभं करणारी जिम मला चालत नाही. आणि घेतली तर ती इन्स्ट्रक्टरपर्यंत पोचते का, की फाइलमध्ये राहते, हेही विचारा.

बीपीची गोळी कोणती? नावाच्या शेवटी 'लोल' असेल (अटेनोलोल, मेटोप्रोलोल) तर नाडी मुद्दाम कमी ठेवली जाते, मग मनगटी घड्याळावरचे आकडे तुमच्यासाठी निरुपयोगी. एरवी बायकांसाठी कमाल नाडीचं एक सूत्र आहे : २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. ४४ व्या वर्षी साधारण १६७. मध्यम व्यायाम त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १०७ ते १२७. 'लोल' चालू असेल तर हे विसरा आणि बोलून बघा. वाक्य पूर्ण बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम पातळी. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ही जोराची. पहिला महिना पहिल्या पातळीत काढा. अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांवर असाल तर क्लास संपल्यावर एकदम थांबू किंवा बसू नका, रक्तदाब खाली येऊन गरगरतं. पाच मिनिटं चालत राहा. वजन उचलताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. आणि विश्रांतीतलं बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी क्लास नाही, डॉक्टर.

जिना उतरताना दुखणारा गुडघा बहुतेक वेळा वाटीच्या मागचं दुखणं असतं. डॉक्टरांना किंवा फिजिओला एकदा दाखवून घ्याच. ते 'व्यायाम करा' म्हणाले तर स्टेप बंदच करायची गरज नाही, पण सुरुवात फळीशिवाय जमिनीवर, मग नुसती ४ इंची फळी. खालचे ठोकळे लावून ६ किंवा ८ इंच नंतर कधीतरी. अख्खं पाऊल फळीवर, उतरताना पाय फळीच्या जवळ, टाच टेकवून. फळीच्या पुढच्या बाजूने उतरायचं नाही. दुखणं १० पैकी ३ पर्यंत आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत, तर चालेल. सूज आली तर त्या आठवड्यात फळी नाही.

एक गोष्ट बायका काउंटरवर सांगत नाहीत : उडी मारताना, दोरीवर, शिंकताना लघवी निसटणं. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात हे फार सर्रास दिसतं. पॅड लावून उड्या मारत राहणं हा उपाय नव्हे. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम रोज, किमान तीन महिने, आणि तोवर बिनउडीचे पर्याय. बाळंतपणानंतर १२ आठवड्यांच्या आत धावणं-उड्या नकोत, सिझेरियन असो की नॉर्मल. पोटाच्या मधल्या रेषेत फुगवटा दिसत असेल तर क्रंचेस आणि लांब प्लँक बाजूला ठेवा.

मिरची_ठेचा :
तुम्ही सगळ्या जणी झुंबाला नाकं मुरडणार हे दिसतंय, म्हणून आधीच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. ५० मिनिटांचे तीन झुंबा क्लास केले की १५० भरतात. आणि बायका झुंबाला येतात. ट्रेडमिलवर कंटाळून सोडणाऱ्या बायका इथे वर्षभर टिकतात. टिकणं ही छोटी गोष्ट नाही.

फक्त तो खरा झुंबा आहे का ते बघा. कोलंबियाच्या काली शहरातल्या बेटो पेरेझने १९९० च्या दशकात सुरू केलेला हा नोंदणीकृत ब्रँड आहे, शिकवणाऱ्याकडे चालू परवाना लागतो. आपल्याकडे हिंदी गाण्यांवरच्या कुठल्याही नाचाला झुंबा म्हणतात. तेही वाईट नाही, पण मग परवान्याच्या नावाने जास्त फी कशाला?

लोखंडी_बाई :
@मिरची_ठेचा, त्याच शिफारशीत पुढची ओळ आहे : आठवड्यात किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. ती ओळ सगळे गाळतात. झुंबा करू नका असं कोणी म्हणत नाहीये. झुंबाने दम वाढतो. मांडीची आणि पाठीची ताकद वाढायला वजन वाढत जावं लागतं, आणि नाचात ते वाढत नाही.

बारबेल क्लासबद्दलही भाबडेपणा नको. हा प्रकार न्यूझीलंडच्या लेस मिल्स या फिटनेस कंपनीच्या क्लासमुळे जगभर पसरला. एका गाण्याला एक स्नायूगट : वॉर्म-अप, स्क्वॉट (उठाबशा), छाती, पाठ, ट्रायसेप्स (दंडाची मागची बाजू), बायसेप्स (पुढची बाजू), लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली वाकणं), खांदे, पोट. वजन हलकं, आवर्तनं शेकड्यांनी. त्याने स्नायूंचा टिकाव वाढतो, नवख्या बाईची ताकदही सुरुवातीला वाढते, पण वर्षभर त्याच चकत्या लावल्या तर गाडी तिथेच थांबते. हाडांसाठी तर आणखी जड लागतं. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर या चाचणीत (निकाल २०१८) पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास, ८ महिने, पाच-पाच आवर्तनांचे पाच सेट केले, तेही एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास. कण्याची घनता वाढली. पण तिथे प्रत्येकीवर प्रशिक्षित माणसाची नजर होती. पंचवीस जणींच्या क्लासमध्ये हे करून घेता येत नाही आणि कोणी करायलाही लावू नये.

म्हणून डंबेल्सची भिंत बघा. सगळ्यात जड डंबेल ५ किलोचं असेल तर जिम तीन-चार महिन्यांत तुम्हाला संपली. २ पासून किमान १५ पर्यंत हवीत, आणि ७.५, १०, १२.५ च्या एकापेक्षा जास्त जोड्या.

पावसाळी_छत्री :
बारबेल क्लासला पहिल्यांदा जाताना कुठलं वजन लावायचं, हे कोणी सांगत नाही. 'आपल्याला जमेल ते घ्या' म्हणतात.

लोखंडी_बाई :
दहा मिनिटं आधी पोचा, मॅट, फळी, दांडा आणि तीन मापांच्या चकत्या घेऊन ठेवा. पहिल्या दिवशी अशी सुरुवात धरा :
वॉर्म-अप : नुसता दांडा, फार तर दोन्ही बाजूंना १-१ किलो
स्क्वॉट : दोन्ही बाजूंना २.५
छाती, पाठ : १ ते २.५
ट्रायसेप्स, बायसेप्स : १
लंजेस : दांडा न घेता
खांदे : हातात १-१ किलोची चकती
पुढे काही महिन्यांत स्क्वॉटचं वजन वॉर्म-अपच्या दुप्पट-तिप्पट व्हायला हवं. शेवटची दहा-बारा आवर्तनं तोंड वाकडं करत पूर्ण झाली तर वजन बरोबर. गप्पा मारत झाली तर पुढच्या वेळी वाढवा.

नेहमी बिघडतं ते हे. दोन गाण्यांमध्ये चकत्या बदलायला मिनिटभरही मिळत नाही, म्हणून बायका खांद्याला झेपेल तेच वजन सगळीकडे ठेवतात आणि पायांना काहीच मिळत नाही. दांडा मानेच्या हाडावर टेकवतात. तो खाली, खांद्यांच्या मांसल भागावर हवा. गाण्याची गती पकडायला अर्धाच स्क्वॉट करतात. मग गाण्याच्या अर्ध्या वेगाने करा, पण पूर्ण करा. डेडलिफ्टला (कमरेतून वाकून दांडा खाली-वर नेताना) पाठीला पोक येतो. दांडा मांडीला घासत खाली न्या, गुडघ्याखाली जाऊ नका. आणि क्लिपा लावाच, दोन्ही टोकांना. चकती निसटली की शेजारणीच्या पायावर पडते.

अंगठी आणि दांडा यांच्यामध्ये कातडी चिमटते, म्हणून अंगठ्या घरी. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत किंवा काढून. जोडवी बुटात घासतात, रुंद पंजाचे बूट घ्या. केसांना क्लचर नको, मॅटवर आडवं होताना डोक्यात घुसतो. रबर लावा.

आठ_काउंट :
बुटांचं आलंच. धावण्याचे बूट पुढे जायला बनवलेले असतात. टाच उंच, मऊ, आणि आडव्या हालचालीला पाय कलंडतो. स्टेप, एचआयआयटी, बारबेलला ट्रेनिंग शूज : सपाट, बाजूंनी घट्ट. झुंबाला तळवा फार खाचांचा नको. पाऊल जमिनीला चिकटलं आणि शरीर फिरलं की गुडघा पिळला जातो. एकच जोडी घेणार असाल तर कमी खाचांचे ट्रेनिंग शूज. ते बाहेर घालून येऊ नका. स्पोर्ट्स ब्राचा भार खालच्या पट्ट्याने पेलायला हवा, खांद्याच्या पट्ट्यांनी नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. दुकानात घालून जागेवर उड्या मारून बघा.

तिमाही_अहवाल :
आता पैसे. १५,००० म्हणजे अडीच तिमाह्या. साडेसात महिने सलग गेलात तरच वर्षाचा पास स्वस्त पडतो. गणपती, दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा धरून हिशोब करा. माझं मत : पहिली तिमाही सहा हजारांची. 'रविवारपर्यंत'ची सवलत पुढच्या रविवारीही असते.

जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम-योग केंद्रांवर १८ ऐवजी ५ टक्के झाला. १५,००० वर ७५० होतात. जुन्या दराने २७०० लावले तर विचारा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आणि नोंदणी न केलेल्या जिमला जीएसटी घेताच येत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. मालकिणीच्या खासगी यूपीआयवर पैसे भरून 'पावती नंतर देते' हे नको.

फॉर्ममध्ये चार गोष्टी लेखी हव्यात : आजारपणात किंवा गरोदरपणात पास किती दिवस गोठवता येतो, दुसरीच्या नावावर करता येतो का, शाखा हलली किंवा बंद झाली तर काय, आणि क्लासची वेळ बदलली तर काय. शेवटचं तुमच्यासाठी महत्त्वाचं. सातची बॅच बंद करून संध्याकाळी ढकलली तर तुमचा पास कागदावरच राहतो. 'पैसे परत मिळणार नाहीत' असं छापलेलं असलं तरी कबूल केलेली सेवाच दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते. आधी हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मात्र तुमचंच मन बदललं असेल तर बाजू लंगडी आहे.

मिरची_ठेचा :
यात एक भर. फॉर्ममध्ये बारीक अक्षरात 'फोटो आणि व्हिडिओ जाहिरातीसाठी वापरण्यास संमती' असतं. ते खोडून शेजारी सही करा. फक्त बायकांची जिम म्हणून जायचं आणि स्क्वॉटचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर, कशाला हवंय? कॅमेरे कुठे आहेत, फुटेज कोण बघतं, सफाईला आणि दुरुस्तीला पुरुष कोणत्या वेळी येतात, हेही विचारून ठेवा. कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा असता कामा नये, बंद असलेलासुद्धा.

गोदाकाठ :
संध्याकाळचं स्पिनिंग कधी करावंसं वाटलं तर. सायकलशेजारी उभं राहून सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला. बसून टाच खालच्या पेडलवर टेकवली की पाय सरळ व्हावा, मग पंजा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. पेडल आडवे असताना पुढचा गुडघा पेडलच्या आसाच्या वर. हँडल सुरुवातीला सीटपेक्षा थोडं वरच. या सायकलचं चाक फिरत असेल तर पेडलही फिरतच राहतात, रस्त्यावरच्या सायकलसारखं पाय थांबवून चालत नाही. थांबायला रेझिस्टन्सची (पेडल जड करणारी) गुंडी खाली दाबायची, पाय ओढून काढायचा नाही.

पहिल्या दिवशी २०-२५ मिनिटांत उतरा, कोणी काही म्हटलं तरी. सवय नसताना पूर्ण तास, उभं राहून, जड रेझिस्टन्सवर केल्याने मांडीचे स्नायू तुटून त्यातली प्रथिनं मूत्रपिंडात अडकल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. साधं अंग दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि उतरत जातं. पण मांड्या सुजून टणक झाल्या, पाय वाकेना आणि लघवी कोकसारखी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालय. घरी पाणी पीत बसू नका.

दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. त्यावर झुंबाचा इलाज नाही.

पावसाळी_छत्री :
आणि उपवास? आमच्याकडे गुरुवार, चतुर्थी, नवरात्र सगळं असतं.

गोदाकाठ :
निर्जळी असेल तर क्लास नाही. एरवी योग किंवा हलका झुंबा चालेल, जड वजनं दुसऱ्या दिवशी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, सोबत दाणे, दही, दूध, राजगिरा घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी उपवास आणि क्लास एका दिवशी आणू नये, साखर कोसळते. खिशात ग्लुकोज ठेवा.

शेवंती४४ :
सगळ्यांचे आभार, प्रिंट काढलंय. आज विचारून आले. बारबेल सातला आणणार नाहीत. पण मंगळ-गुरू सातला डंबेल्सच्या बाजूला फ्लोअर ट्रेनर असते, ती एसीई (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) प्रमाणपत्रवाली आहे, प्रथमोपचाराचंही आहे. डंबेल्स १५ पर्यंत आहेत. गोळी टेल्मिसार्टन आहे, 'लोल'वाली नाही. म्हणजे सोम-बुध-शुक्र काय आणि मंगळ-गुरू काय?

आठ_काउंट :
मग जमतंय. तिमाहीच भरा. सोमवारी आणि शुक्रवारी दहाचा झुंबा, बुधवार सुट्टी. स्टेप दीड महिन्यानंतर, गुडघा बघून. एचआयआयटी तीन महिने नाही. झुंबाला दुसऱ्या रांगेत कडेला उभ्या राहा. शेवटच्या रांगेतून पाय दिसत नाहीत, आणि पहिल्या रांगेत मागे वळायची वेळ आली की समोर बघायला कोणी नसतं. हात सोडून द्या, पहिले दोन आठवडे फक्त पाय.

लोखंडी_बाई :
मंगळ-गुरू ट्रेनरसमोर हे पाच :
१. बाकावर बसून उठणं, छातीशी ४-५ किलोचं डंबेल. गुडघा दुखला तर बाकावर फळी ठेवून उंची वाढवा.
२. दोन डंबेल्स घेऊन कमरेतून वाकणं, गुडघे किंचित सैल, ४-४ किलो.
३. बाकावर एक हात टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढणं, ४-५ किलो.
४. पुश-अप भिंतीवर किंवा उंच बाकावर हात ठेवून. जमिनीवर गुडघे टेकून नको, तुमच्या गुडघ्याला बोचेल.
५. दोन्ही हातांत ६-७ किलो घेऊन ताठ चालणं, ३० सेकंद.
पहिले चारही १० चे दोन सेट, तिसऱ्या आठवड्यापासून तीन. मध्ये ९० सेकंद थांबा, घड्याळ लावून. आवर्तनं हळूहळू वाढवत तिन्ही सेटमध्ये १२ पूर्ण झाली की पुढचं डंबेल आणि परत ८ पासून. ५ नंतर एकदम ७.५ असेल तर ती दीडपट उडी आहे. तेव्हा पहिला सेट ७.५ ने आणि उरलेले दोन ५ ने करा. तारीख, वजन, आवर्तनं वहीत लिहा. ट्रेनर बदलली की नवी बाई पुन्हा २ किलो हातात देते, तेव्हा ही वही पुढे करायची.